पित्ताशय आणि अपेंडिक्सचं ऑपरेशन: कात्री चालवण्याआधी सर्जन काय शोधतात?

अपेंडिक्स आणि पित्ताशय हे दोन्ही अवयव काढले तरी माणूस व्यवस्थित जगतो. त्यामुळे या शस्त्रक्रिया 'किरकोळ' समजल्या जातात. प्रत्यक्षात दोन्हींत कापण्यापेक्षा ओळखण्याचं काम अवघड असतं. अपेंडिक्स कुठे दडलंय हे शोधावं लागतं. पित्ताशयाच्या बाबतीत काय कापायचं नाही, हे आधी ठरवावं लागतं.

अपेंडिक्स: मूळ ठरलेलं, टोक कुठेही

पोटात उजवीकडे खालच्या बाजूला मोठ्या आतड्याची सुरुवात होते. या सुरुवातीच्या फुगीर भागाला सीकम म्हणतात. त्याला साधारण ६ ते ९ सेंटीमीटर लांबीची, एका टोकाला बंद असलेली बारीक नळी जोडलेली असते. हेच अपेंडिक्स, म्हणजे आंत्रपुच्छ.

तिचं टोक बऱ्याचदा सीकमच्या मागे वळलेलं असतं, तर काहींमध्ये ओटीपोटात लोंबतं. म्हणूनच दुखणंही फसवं असतं. टोक मागे असेल तर कुशीत किंवा पाठीकडे दुखतं. ओटीपोटात असेल तर लघवीचा त्रास होतो आणि मूत्रमार्गाचा संसर्ग झालाय असं वाटू शकतं.

सर्जन मात्र टोकाच्या मागे लागत नाहीत. मोठ्या आतड्यावर स्नायूंच्या तीन लांब पट्ट्या असतात. सीकमवर त्या जिथे एकत्र येतात, तिथेच अपेंडिक्सचं मूळ असतं. पट्टी धरून खाली गेलं की मूळ सापडतं. मग रक्तवाहिनी बंद करायची, मूळ बांधायचं आणि कापायचं. अपेंडिक्सला रक्त पुरवणारी मुख्य वाहिनी एकच असते. सुजेमुळे तिच्यातलं रक्त थांबलं की नळी सडून फुटू शकते. डॉक्टर घाई करतात ती यासाठी.

पित्ताशय: खरा धोका शेजाऱ्याला

आधी एक गैरसमज. 'मला पित्त झालंय' असं आपण म्हणतो, तेव्हा तो त्रास बहुतेक वेळा जठरातल्या आम्लाचा असतो. पित्ताशयातलं पित्त वेगळं. ते यकृतात तयार होतं आणि चरबी पचवायला मदत करतं. पित्ताशय फक्त ते साठवतं आणि दाट करतं. पिशवी काढल्यावर पित्त यकृतातून थेट आतड्यात उतरतं, त्यामुळे पचन चालू राहतं.

'मग नुसते खडे काढा, पिशवी राहू द्या' हा प्रश्न जवळपास प्रत्येक घरात निघतो. पण खडे तयार होतात ते याच पिशवीत, त्यामुळे ते पुन्हा होऊ शकतात. १८८२ मध्ये बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी पहिल्यांदा पित्ताशय काढलं, तेही याच विचाराने.

आता रचना पाहू. यकृताकडून येणारी मुख्य नळी आणि पित्ताशयाची छोटी नळी एकत्र येऊन मुख्य पित्तनलिका बनते आणि आतड्याकडे जाते. ऑपरेशनमध्ये कापायची ती फक्त छोटी नळी आणि पित्ताशयाची रक्तवाहिनी. या दोन नळ्या आणि यकृताची खालची कड यांमधल्या जागेला कॅलोचा त्रिकोण म्हणतात. ती रक्तवाहिनी सहसा इथेच सापडते.

पित्ताशय वर ओढून धरलं की छोटी आणि मुख्य नळी एका रेषेत येऊ शकतात. त्यात सूज असेल तर सगळं एकमेकांना चिकटलेलं असतं आणि मुख्य नळीच छोटी वाटते. ती कापली गेली तर कावीळ होते किंवा पित्त पोटात सांडतं. मग आतड्याचा तुकडा यकृताच्या नळीला जोडण्याची मोठी शस्त्रक्रिया करावी लागू शकते. अशी इजा विरळ आहे, हजारात काही जणांना होते. पण ज्यांना होते, त्यांना ती वर्षानुवर्षं पुरते.

दुर्बिणीची पद्धत १९८० च्या दशकात युरोपात सुरू झाली. भारतात १९९० मध्ये डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात या पद्धतीने पित्ताशय काढलं. जखम लहान झाली, रुग्ण लवकर घरी जाऊ लागले. सुरुवातीच्या काळात पित्तनलिकेच्या इजा मात्र वाढल्या. त्यावर उपाय म्हणून अमेरिकेतले सर्जन स्टीव्हन स्ट्रॅसबर्ग यांनी १९९५ मध्ये तपासणीची एक पद्धत मांडली. त्रिकोणातली चरबी आणि चिकट ऊती पूर्ण साफ झाल्या पाहिजेत. पित्ताशयाचा खालचा तिसरा हिस्सा यकृतापासून सुटा झाला पाहिजे. आणि पित्ताशयात जाणाऱ्या दोनच गोष्टी दिसल्या पाहिजेत. तोवर काहीही कापायचं नाही.

हे दिसलंच नाही तर? तर पोट उघडून ऑपरेशन केलं जातं, किंवा पित्ताशयाचा काही भाग जागेवर ठेवून बाकीचा काढला जातो. 'दुर्बिणीने करणार होते, मोठा छेद का घेतला?' म्हणून नातेवाईक संतापतात. पण बऱ्याचदा त्या निर्णयामुळेच मुख्य नळी वाचलेली असते. ऑपरेशनआधी सही घेतात त्या संमतीपत्रात ही शक्यता सहसा लिहिलेली असते. ती आधीच विचारून घेतलेली बरी.

घरी आल्यावर डोळे पिवळे दिसणं, लघवी गडद होणं, ताप येणं किंवा पोटदुखी कमी होण्याऐवजी वाढत जाणं, यापैकी काहीही झालं तर टाके काढायच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.