थर वाळवंट : हवामानबदल व अनुकूलन

मुख्यतः पश्चिम राजस्थान आणि पाकिस्तानातील सिंध प्रांतात पसरलेले थर हे जगातील सर्वांत दाट वस्तीच्या वाळवंटांपैकी एक. त्यामुळे येथील हवामानबदलाची झळ थेट माणसे, गुरे आणि कोरडवाहू शेतीला बसते. १९ मे २०१६ रोजी राजस्थानातील फलोदी येथे ५१° से. तापमान नोंदले गेले. मात्र उष्णता वाढली म्हणजे पाऊस आटलाच, असे नाही. अलीकडच्या दशकांत पश्चिम राजस्थानात पाऊस वाढलेला दिसतो. पण पुष्कळदा तो थोड्या दिवसांत कोसळतो. ऑगस्ट २००६ मध्ये बाडमेर जिल्ह्यातील कवास गाव पुरात बुडाले. जमिनीखालच्या जिप्समच्या थरामुळे पाणी मुरेना, ते कित्येक आठवडे साचून राहिले. वाळवंटात पूर ही कल्पना तोवर कोणाच्या नियोजनात फारशी नव्हती.

अनुकूलनाची उत्तम साधने जुनीच आहेत. जैसलमेरच्या पालीवाल समाजाने रूढ केलेल्या ‘खडीन’ पद्धतीत उताराच्या पायथ्याशी मातीचा लांब बांध घालून पावसाचे पाणी अडवतात. ते मुरले की त्याच ओलीवर गहू-हरभरा पिकतो. पिण्याच्या पाण्यासाठी ‘टांका’ हे भूमिगत टाके. बाजरीच्या शेतात खेजडी, म्हणजे शमी, राखली जाते. तिचा पाला दुष्काळातही चारा पुरवतो.

या जुन्या साधनांना आधुनिक उपायांची जोड मिळाली. जोधपूरच्या ‘काझरी’ या केंद्रीय संशोधन संस्थेने वाळूच्या टेकड्या झाडोऱ्याने स्थिर करण्याचे तंत्र विकसित केले. इंदिरा गांधी कालव्याने सिंचन आणले; परंतु काही भागांत जमिनी पाणथळ व खारवट झाल्या.