टिपूची ऐरण?

देवनहळ्ळी म्हटले की आता बंगळूरचा विमानतळ आठवतो. इतिहासात मात्र हे किल्ल्याचे गाव. 1501 मध्ये इथे मातीचा कोट उभा राहिला, हैदरअलीच्या काळात त्याचे दगडी बांधकाम झाले. टिपूचा जन्म इथलाच, 1750 च्या सुमाराचा. 1791 मध्ये कॉर्नवॉलिसच्या फौजेने हा किल्ला घेतला. त्याच युद्धात हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन मराठी फौजा घेऊन टिपूविरुद्ध उतरले होते. अशा गावात जुने लोखंड दिसले की ते 'टिपूचे' ठरते.

बंगळूरच्या पोस्टिंगमध्ये किल्ल्याजवळच्या एका लोहाराकडे अशीच एक 'टिपूची ऐरण' पाहिली. मधोमध खोलगट, एका बाजूच्या कडा तुटलेल्या. मुलाला ती वेल्डिंगने भरून, ग्राइंडर मारून सपाट करायची होती. बापाचा त्याला ठाम नकार. फौजी आहे म्हटल्यावर दोघांनीही मलाच पंच केले.

पहिला प्रश्न ओळखीचा. आपली देशी ऐरण म्हणजे लाकडी ओंडक्यात किंवा जमिनीत रोवलेला चौकोनी ठोकळा. लोहार त्यापुढे बसून काम करतो. या ऐरणीला मात्र एका टोकाला शिंग होते, दुसऱ्या टोकाजवळ एक चौकोनी आणि एक छोटे गोल भोक. गोल भोक नालाला छिद्रे पाडताना उपयोगी पडते. विलायती ऐरणींवर ते साधारण एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत दिसू लागले. टिपू पडला 4 मे 1799 ला.

बाजूवर खडू घासला तर आकडे उमटले: 1-2-14. हे इंग्रजी वजन. पहिला आकडा 112 पौंडांचा, दुसरा 28 पौंडांचा, तिसरा सुट्या पौंडांचा. म्हणजे 112 अधिक 56 अधिक 14, एकूण 182 पौंड, सुमारे साडेब्याऐंशी किलो. ऐरण इंग्रजी वळणाची, टिपूनंतरची.

बापाचा चेहरा उतरला. त्याला म्हटले, टिपूचे लोखंड घडले ते तुमच्यासारख्यांच्या देशी ऐरणींवर. ज्या अग्निबाणांनी इंग्रजांना हैराण केले, त्यांच्या नळ्या लोखंडी होत्या. शिवमोग्गा जिल्ह्यातल्या नगर इथल्या एका विहिरीत 2018 मध्ये असे हजाराहून अधिक बाण सापडले. ते घडवणाऱ्या लोहारांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत.

आता दुरुस्तीचा प्रश्न. आमच्याकडे प्रत्येक जुन्या सामानावर शेवटी हाच निर्णय घ्यावा लागतो: दुरुस्त करायचे की 'बीईआर' ठरवायचे, म्हणजे दुरुस्ती परवडण्यापलीकडचे. पण त्याआधी तपासणी. हातोडीचा हलका ठोका सगळीकडे मारून पाहिला. आवाज खणखणीत, कुठेही बद्द नाही. म्हणजे वरची पोलादी पट्टी सुटलेली नाही. मग बेअरिंगची गोळी एक वीत उंचीवरून सोडली. ती अर्ध्याहून बरीच वर उसळली. पोलादाचे पाणी शाबूत होते.

इथेच मुलाचा बेत धोक्याचा ठरतो. अशा ऐरणीचे अंग मऊ घडीव लोखंडाचे असते आणि वर पोलादाची जेमतेम बोटभर जाड पट्टी. ग्राइंडरने ती आणखी पातळ होते. वेल्डिंगच्या आंचेने तिचे पाणी उतरते. आधी सगळी ऐरण नीट तापवली नाही तर तडाही जातो. पट्टी निघालेली असती, गोळी मेल्यासारखी पडली असती, तर जाणत्या माणसाकडून वेल्डिंग करून घ्या असे मीच सांगितले असते.

मुलाची अडचण खोटी नव्हती. गेटच्या पट्ट्या सरळ बसत नव्हत्या. पण बाप कुदळी आणि कोयते त्याच खळग्यात सरळ करत होता, आणि शिंगाजवळचा भाग अजून सपाट होता. ठरले ते असे: तुटक्या कडा कानशीने गोल करायच्या म्हणजे कामावर वळ उठणार नाहीत, खालचा कुजलेला ओंडका बदलायचा, आणि मुलाच्या पट्ट्यांसाठी वेगळी जाड लोखंडी प्लेट घ्यायची.

ऐरणीचा खळगा हा पुष्कळ हातांनी वर्षानुवर्षे केलेल्या कामाचा हिशेब असतो. काम अडत असेल तर तो जरूर पुसावा. निव्वळ नवी दिसावी म्हणून पुसू नये.