पेटी एक, कर्तव्यें दोन

इ. स. १९५६ च्या एप्रिल महिन्याच्या २६ व्या तारखेस अमेरिकेंतील न्यूअर्क बंदरांतून ‘आयडियल एक्स’ नांवाचें जहाज ह्यूस्टनकडे निघालें. माल्कम मॅक्लीन या वाहतूक-व्यावसायिकानें त्यावर मालानें भरलेल्या ५८ मोठ्या पेट्या चढविल्या होत्या. तोंपर्यंत गोणी, पिंपें व खोकीं हमालांनीं एकेक करून जहाजांत रचावयाचीं, असाच सामान्य शिरस्ता होता. मॅक्लीनची युक्ति अशी कीं, एकदां भरलेली पेटी मुक्कामास पोहोंचेपर्यंत वाटेंत कोणीहि उघडूं नये. सत्तावन्न वर्षांनंतर हीच युक्ति संगणकाच्या जगांत नांवारूपास आली आणि तिनें तेथील एक जुनें भांडण मिटविण्याचें वचन दिलें. तें वचन कितपत खरें ठरलें, हें पाहणें बोधप्रद आहे.

भांडणाचें स्वरूप असें होतें. सॉफ्टवेअर जेथें लिहिलें जातें तो संगणक एक, व जेथें तें लोकांच्या उपयोगास लागतें तो दुसरा. पहिल्या जागेस या धंद्यांत ‘डेव्हलपमेंट’ व दुसरीस ‘प्रॉडक्शन’ म्हणतात. प्रत्येक सॉफ्टवेअरास अनेक सहाय्यक संग्रहांची जोड लागते. त्यांची आवृत्ति एके ठिकाणीं एक व दुसऱ्या ठिकाणीं निराळी निघाली कीं काम अडे. ‘आमच्याकडे तर सुरळीत चालतें’ असें लिहिणाऱ्यानें म्हणावें, आणि ‘येथें मुळींच चालत नाहीं’ असें चालविणाऱ्यानें उत्तर द्यावें, हा नित्याचा प्रकार होता.

एका कामास इतरांपासून अलग ठेवण्याची कल्पना मात्र जुनीच. १९७९ सालच्या यूनिक्सच्या सातव्या आवृत्तींत ‘सीएचरूट’ ही सोय होती. तिच्या योगें फाइलींचा एक लहानसा कोपरा हेंच संपूर्ण जग, असें एखाद्या कामास भासवितां येई. २००० मध्यें फ्रीबीएसडी या प्रणालींत ‘जेल’ आला. २००८ मध्यें लिनक्सच्या गाभ्यांत ‘सीग्रूप्स’ दाखल झालें. गूगलमधील अभियंत्यांनीं आरंभिलेल्या या साधनामुळें प्रत्येक कामास स्मृति व प्रक्रियाशक्ति यांचा वांटा नेमून देतां येऊं लागला. साधनें होतीं, पण तीं तज्ज्ञांच्याच हातीं चालत. २०१३ च्या मार्चमध्यें सांता क्लारा येथील परिषदेंत सॉलोमन हाइक्स यांनीं अवघ्या पांच मिनिटांत ‘डॉकर’ दाखविलें. सॉफ्टवेअर व त्याचे सर्व सहाय्यक संग्रह एका पेटींत बांधावयाचे, आणि ती पेटी दुसऱ्या लिनक्स संगणकावर जशीच्या तशी चालवावयाची. सामान्य प्रोग्रॅमरासहि हें सहज साधूं लागलें.

पेटीनें आंतील मालाचा भेद मिटविला. बाहेरील कर्तव्यांचा भेद मात्र कायम राहिला. घडणीच्या टेबलावर एक संगणक, एक माणूस आणि चार-दोन पेट्या असतात. तेथें ‘डॉकर कंपोझ’ हें साधन एका लहान टिपणावरून सर्व पेट्या एकदम सुरू करतें. पेटी बिघडली तर मोडून नवी करावी. त्यांत फारसें कोणाचें बिघडत नाहीं. लोकसेवेच्या जागीं तसें नाहीं. तेथें एक यंत्र बंद पडलें तरी सेवा चालली पाहिजे, गर्दी वाढतांच पेट्या वाढल्या पाहिजेत, आणि मोडल्या पेटीबरोबर लोकांची माहिती नष्ट होतां कामा नये. आपल्याकडे दर आठवड्यास दोन अब्जांहून अधिक पेट्या सुरू होतात, असें गूगलनें २०१४ मध्यें जाहीर केलें. त्याच वर्षीं तिनें ‘कुबर्नेटीस’ हें साधन सर्वांस खुलें केलें. या ग्रीक शब्दाचा अर्थ सुकाणूं धरणारा. आपल्या ‘कर्णधार’ शब्दाचाहि मूळ अर्थ तोच.

पेटी बांधणारा आणि कर्णधार यांची फारकत पुढें उघड झाली. २०१९ मध्यें डॉकर कंपनीनें मोठ्या संस्थांसाठीं चालविलेला आपला व्यवसाय विकला व प्रोग्रॅमरांच्या सेवेवर लक्ष केंद्रित केलें. डिसेंबर २०२० मध्यें, डॉकरच्या साह्यानें पेट्या चालविण्याची सोय पुढें काढून टाकण्यांत येईल, असें कुबर्नेटीसच्या चालकांनीं जाहीर केलें, आणि अनेकांची तारांबळ उडाली. आपल्या साऱ्या पेट्या आतां वायां जाणार, असें त्यांस वाटलें. मे २०२२ मध्यें ती सोय खरोखरच गेली. तरी डॉकरनें बांधलेल्या पेट्या पूर्ववत् चालत राहिल्या. कारण २०१५ मध्येंच ‘ओपन कंटेनर इनिशिएटिव्ह’ ही संस्था स्थापन होऊन पेटीचा आकार सर्वसंमत करण्याचें कार्य सुरू झालें होतें. शिवाय डॉकरच्याच अंगांतून निघालेलें ‘कंटेनर-डी’ हें यंत्र त्या चालविण्यास सिद्ध होतें. कर्णधारास पेटी बांधणाऱ्याचीं सगळीं हत्यारें नको होतीं. चालविणारें तेवढें एक अंग पुरेसें होतें.

मॅक्लीनच्या पेटीनें बंदर व कारखाना एक केले नाहींत. दोहोंमध्यें एक ठराविक आकार तेवढा दिला. संगणकाच्या पेटीचेंहि तसेंच आहे. टेबलावर चाललेली पेटी सेवेंत जशीच्या तशी पोहोंचते, हा तिचा मोठाच लाभ. पण टेबलावर पुरलेली दक्षता सेवेंतहि पुरेल, असें आश्वासन तिनें कधींच दिलेलें नाहीं.