मनाच्या गोळीची गोष्ट



मागे एकदा आमच्या बचत गटाच्या बैठकीत एका ताईनं ८०० रुपये कर्ज मागितलं. सचिवानं विचारलं, "कारण काय लिहू?" ती म्हणाली, "सासूबाईंच्या गुडघ्याचं औषध."

परत येताना बांधावरून चालता चालता तिनं मला खरं सांगितलं. औषध तिचं स्वतःचंच होतं. कित्येक महिने झोप नव्हती, जेवण गोड लागत नव्हतं, हात कामाला उचलत नव्हता, लेकरं समोर खेळत असली तरी रडू यायचं. शहरातल्या डॉक्टरांनी नैराश्याच्या गोळ्या दिल्या होत्या. पण एसटीचं भाडं, डॉक्टरांची फी, गोळ्यांचे पैसे, सगळं मिळून परवडेना. म्हणून ती एक दिवसाआड गोळी खात होती. "नुसत्या विचारांच्या दुखण्याला एवढा पैसा घालायचा म्हणजे चैनच की," असं वर म्हणाली.

ही चैन नाही, हे मला तिला नीट सांगायचं होतं. ही गोळी आली कुठून, स्वस्त कशी झाली आणि आपल्या तालुक्यापर्यंत कशी पोचली, याचा इतिहास मोठा आहे. तोच आज सांगते.

सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी जगात कुठेच नैराश्यावर अशी गोळी नव्हती. ती सापडली अपघातानं, आणि तीही टीबीच्या दवाखान्यात! १९५२ साली अमेरिकेत न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात टीबीवरची नवी औषधं देऊन पाहत होते. महिनोन्‌महिने खाटेला खिळलेले रोगी एकाएकी हसू-बोलू लागले, पोटभर जेवू लागले. त्यातल्या इप्रोनियाझिड नावाच्या औषधानं मनाला उभारी येते, हे डॉक्टरांच्या ध्यानात आलं. मग १९५७ च्या सुमारास ते नैराश्याच्या रोग्यांना देऊन पाहिलं, आणि गुण आला. पुढे त्यानं यकृताला इजा होते असं दिसलं, म्हणून ते मागं पडलं.

त्याच काळात स्वित्झर्लंडमध्ये रोलँड कून नावाचे डॉक्टर दुसरं एक औषध तपासत होते. ते खरं तर वेगळ्याच मानसिक आजारासाठी होतं आणि त्या आजारावर चाललं नाही. पण १९५६ साली नैराश्यानं खचलेल्या रोग्यांना दिलं, तेव्हा ते हळूहळू सावरले. त्याचं नाव इमिप्रामिन. ते आजही वापरात आहे. या औषधाचा गुण एका दिवसात येत नाही, काही आठवडे जावे लागतात, हेही तेव्हाच कळलं.

हे ध्यानात ठेवा. पुष्कळ बाया आठ दिवस गोळी खातात आणि "काही फरक नाही" म्हणून सोडतात. ही डोकेदुखीची गोळी नव्हे. रोज, ठरल्या वेळी, दोन ते चार आठवडे घेतल्यावर उजाडू लागतं. बरं वाटलं तरी डॉक्टरांनी सांगितलेले महिने पुरे करायचे असतात, आणि बंद करतानाही त्यांना विचारून हळूहळू कमी करायची असते. एक दिवसाआड खाल्ली तर पैसे जातात आणि दुखणंही राहतं. आणखी एक. ही झोपेची गोळी नाही, तिचं व्यसन लागत नाही.

आता ती स्वस्त कशी झाली ते ऐका. १९७० साली आपल्या देशात पेटंटचा नवा कायदा झाला. त्यानं औषधावरची मक्तेदारी मोडली. परदेशी कंपनीचं औषध वेगळ्या पद्धतीनं बनवायची मुभा आपल्या कारखान्यांना मिळाली, आणि औषधांच्या किमती उतरल्या. १९७७ साली जागतिक आरोग्य संघटनेनं अत्यावश्यक औषधांची पहिली यादी काढली. तापाच्या, टीबीच्या औषधांच्या जोडीला त्या यादीत नैराश्यावरचं अमिट्रिप्टिलिनही होतं. म्हणजे जगानं तेव्हाच मान्य केलं होतं, की हे औषध गरिबाच्या दवाखान्यातही हवं. २००८ पासून आपल्याकडे जनऔषधी दुकानं निघाली. तिथं तेच औषध कंपनीच्या नावाशिवाय, कमी किमतीत मिळतं. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून द्या, असं डॉक्टरांना सांगायला लाजू नका.

गोळी स्वस्त झाली, पण ती लिहून देणारं कोण? १९४६ च्या भोर समितीनं मोजलं, तेव्हा अवघ्या ब्रिटिश हिंदुस्थानात मनोरुग्णांसाठी जेमतेम १०,००० खाटा होत्या. बाकीच्यांच्या वाट्याला अंगारा-धुपारा, नाहीतर बंद खोली. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. त्यामागचा विचार साधा होता: ही सेवा वेड्यांच्या इस्पितळात कोंडून न ठेवता गावच्या आरोग्य केंद्रात आणायची. कर्नाटकात बळ्ळारी जिल्ह्यात हे करून पाहिलं. तिथल्या साध्या डॉक्टरांना आणि आरोग्य सेविकांना शिकवून तयार केलं. त्याच धर्तीवर १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. चार जिल्ह्यांपासून सुरुवात झाली, आज तो देशभर आहे.

आणि आपल्या शेजारच्या गोव्यात तर आपल्यासारख्या बायांनीच मोठं काम करून दाखवलं. तिथल्या संगाथ संस्थेनं, डॉ. विक्रम पटेल यांच्या पुढाकारानं, गावातल्या अशा स्त्रिया निवडल्या ज्यांचा डॉक्टरकीशी काही संबंध नव्हता. त्यांना काही आठवडे शिकवलं आणि आरोग्य केंद्रात बसवलं. त्या रोग्याचं ऐकून घेत, आजार समजावून सांगत, गरज असेल तिथं डॉक्टर गोळी देत, आणि ती नेमानं घेतली जाते की नाही हे याच बाया पाहत. २०१० साली निकाल छापून आला. सरकारी केंद्रांत अशी मदत मिळालेल्या १०० पैकी सुमारे ६६ जणांना सहा महिन्यांत आराम पडला होता. जिथं ही मदत नव्हती, तिथं सुमारे ४२ जणांनाच. गोळीला माणसाची साथ मिळाली की एवढा फरक पडतो.

शेवटचा टप्पा कायद्याचा. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. मनाच्या आजारावर सरकारी उपचार मिळणं हा आता प्रत्येकाचा हक्क आहे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला उपचार मोफत. अत्यावश्यक यादीतल्या गोळ्या ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सगळ्या सरकारी दवाखान्यांत सर्वांनाच फुकट, असं कायदा म्हणतो. "गोळ्या संपल्यात" असं उत्तर आलं, तर गटानं मिळून लेखी अर्ज द्यावा. एकटीला परत पाठवणं सोपं असतं, दहा जणींना नाही.

१० ऑक्टोबर २०२२ पासून टेली मानस ही सरकारी फोनसेवा आहे. नंबर १४४१६. रात्री-अपरात्री कधीही लावा, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. कुणाच्या तोंडी "जगण्यात राम नाही", "मी नसले तर बरं" असं येऊ लागलं, तर ते हसण्यावारी नेऊ नका. तिला सरळ विचारा, एकटी सोडू नका, लगेच दवाखान्यात न्या. फवारणीचं औषध घरात कुलपात ठेवा. आपल्याकडे "तिनं औषध घेतलं" म्हटलं की काळजात चर्र होतं. त्या शब्दाचा चांगला अर्थ आपल्याला परत आणायचा आहे.

त्या ताईबरोबर मी जिल्हा रुग्णालयात गेले. सकाळची एसटी, केसपेपरची रांग, दोन तास बसणं, सगळं झालं. पण गोळ्या तिथंच मिळाल्या, आणि आता ती रोज घेते. एकदम सगळं पालटलं असं नाही. काही दिवस चांगले जातात, काही जड. परवा मात्र तिनं स्वतःहून अंगणात शेणसडा घातला.

गटाच्या वहीत अजून सासूबाईंचा गुडघाच लिहिलेला आहे. तो खोडायचा की नाही, हे तिचं तिनं ठरवावं. पण पुढच्या वेळी कुणी मैत्रीण कर्जाचं कारण सांगताना अडखळली, तर बैठक संपल्यावर तिच्याबरोबर थोडं चाला.