तालीमखाना आणि तालीम

मराठी निबंधाचा इतिहास शिकवताना आम्ही अनेक वर्षे मळलेल्या वाटेनेच चालत आलो. १८३२ चे ‘दर्पण’, लोकहितवादींची ‘शतपत्रे’, १८७४ पासूनची ‘निबंधमाला’ आणि मग आगरकर. या वाटेवर १८५५ हे साल लागत नाही. लागले तरी ‘सामाजिक दस्तऐवज’ अशी पाटी लावून आम्ही पुढे सरकत असू. दस्तऐवज म्हटले की शैलीविषयी बोलण्याची जबाबदारी टळते, हे आमच्या उशिरा ध्यानात आले. ते ध्यानात आणून दिले गडमुडशिंगीहून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने.

१५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ च्या ‘ज्ञानोदय’मध्ये ‘मांगमहारांच्या दुःखाविषयीं’ हा निबंध दोन भागांत छापून आला. लेखिका मुक्ता, मांग जातीची, वय वर्षे चौदा, पुण्यातील जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली विद्यार्थिनी. शाळेत येऊन तिला जेमतेम तीन वर्षे झाली होती. अमेरिकन मिशनच्या या नियतकालिकाला तेव्हा तेरा वर्षे झाली होती. म्हणजे लेखिका आणि नियतकालिक जवळपास एकाच वयाचे.

हा निबंध आम्ही वर्गात वाचत होतो. पेशवाईत एखादा मांग किंवा महार तालीमखान्यासमोरून गेला तर त्याचे शिर उतरवून गुलटेकडीच्या मैदानात तलवारीच्या दांडूने त्याचा चेंडू खेळत, असे मुक्ता लिहिते. या ठिकाणी वर्गात जे घडले, ते पुण्या-मुंबईच्या वर्गात कदाचित घडले नसते. कोल्हापूर परिसरात तालीम हा घरचा शब्द आहे. पेठापेठांत तालमी, गावोगावी लाल माती, हौदा, हलगी, शाहू महाराजांनी बांधलेले खासबाग मैदान. उपरोक्त विद्यार्थ्याचे वडील उमेदीच्या वयात कुस्ती करीत. तो एवढेच म्हणाला, “सर, तालमीसमोरनं जायचं नाही, म्हंजे?” आम्ही उत्तर दिले ते इतिहासाचे. त्याचा प्रश्न मात्र शब्दाविषयी होता. एकच शब्द एकाला आखाडा वाटतो आणि दुसऱ्याला वधस्तंभ, हे त्याला तेव्हा प्रथम कळले. आणि खरे सांगायचे तर आम्हांलाही.

त्या दिवसानंतर आम्ही हा निबंध निबंध म्हणून वाचू लागलो. तसे वाचल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती उपरोधाची. महार-मांगांपैकी कोणी वाचायला शिकला, तर बाजीरावाला वाटे, आता ब्राह्मणांनी काय धोकटी बगलेत मारून विधवांचे डोके भादरत हिंडावे? मुक्ताने रंगवलेले हे चित्र पाहा. एका वाक्यात तिने ज्ञानाची मक्तेदारी, धंद्याची उतरंड आणि विधवांचे केशवपन या तिन्हींना स्पर्श केला आहे. हे सारे चौदाव्या वर्षी. धर्माविषयीचा तिचा युक्तिवादही असाच सरळ आहे. वेद केवळ ब्राह्मणांचे, आम्हांला ते पाहण्याची मुभा नाही, तर आम्ही धर्मरहित ठरलो. मग आमचा धर्म कोणता, हे देवानेच सांगावे. न्यायशास्त्र शिकलेल्या पंडिताला याचे उत्तर देणे सोपे गेले नसते. आणि तिचा रोख पंडितांकडेच आहे, त्यांना ती समोरासमोर संबोधते.

“हे फुल्यांनीच लिहून दिले असणार,” असा आक्षेप दरवर्षी कोणीतरी घेतो. मुलीने लिहिलेल्या चांगल्या मजकुराला हा आक्षेप जन्मापासूनच चिकटलेला असतो. शिक्षकाचा हात त्यात नसेल असे आम्ही म्हणणार नाही. कोणत्या शाळकरी निबंधात तो नसतो? परंतु बाळंत होताना ज्या स्त्रियांच्या डोक्यावर छप्पर नसते, त्यांच्या वाऱ्या-थंडीतल्या हालांकडे निबंध वळतो, तेथे शिकवलेले बोल नाहीत. वस्तीत पाहिलेले आहे.

फुल्यांच्या शाळेत चित्रकला वा गायनाचे तास होते की नाही, या प्रश्नापेक्षा तेथे कोणती कला शिकवली जात होती हा प्रश्न आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात फुल्यांनी प्राथमिक शाळेसाठी मोडी-बालबोध वाचनलेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीची प्राथमिक माहिती, नीती आणि आरोग्य असे विषय सुचवले. त्या यादीत कला हा शब्द सापडत नाही. मात्र ज्या १८५५ साली मुक्ताचा निबंध आला, त्याच साली तिच्या या अठ्ठावीस वर्षांच्या शिक्षकाने ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. गर्भवती कुणबी स्त्रीला आणि तिच्या नवऱ्याला नागवणारा जोशी, मध्येच टोमणे मारणारा विदूषक, आणि अखेरीस रात्रीच्या शाळेकडे वळणारे ते जोडपे. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते स्वीकारले नाही, आणि त्याची खंत फुल्यांनी ‘गुलामगिरी’त नोंदवली. नाटक छापून येण्यास १९७९ उजाडले. प्रश्न विचारीत पुढे जाणे, श्रोत्याला थेट हाक मारणे, हसवता हसवता चिमटा काढणे ही विदूषकाची रीत मुक्ताच्या निबंधातही आहे. वक्तृत्व आणि नाट्य या कला त्या शाळेत वेळापत्रकाबाहेर शिकवल्या जात होत्या, असे आम्हांला वाटते. हे अनुमान आहे. पण दोन्ही संहिता शेजारी ठेवून वाचाव्यात.

दोनच वर्षांनी, १८५७ मध्ये मुंबईत जे. जे. कलाशाळा सुरू झाली. कोल्हापूरचे आबालाल रहिमान पुढे तेथे शिकले. बाबूराव पेंटर मात्र कोणत्याही कलाशाळेत न जाता घरच्या मिस्त्रीकामातून घडले आणि १९२० मध्ये त्यांनी ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. कलापूर म्हणवणाऱ्या या नगरीची कला बऱ्याच अंशी कारखान्यात, नाटकगृहात, तालमीत वाढली. शाळेची दारे सर्वांना उघडायला येथेही वेळ लागला. सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा १९१७ चा. अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकत्र बसवण्याचा शाहू महाराजांचा हुकूम १९१९ चा. मुक्ताचा निबंध तोवर चौसष्ट वर्षांचा झाला होता.

एक अडचण उरते, आणि ती आम्ही झाकू इच्छित नाही. मुक्ता इंग्रजी राज्याचे आभार मानते. राष्ट्रीय इतिहासाच्या चौकटीत वाढलेल्या अध्यापकाला हा परिच्छेद घाईने उरकावासा वाटतो. आम्हीही एकेकाळी तो ‘वयाची मर्यादा’ म्हणून उरकला आहे. तो आमचा अन्याय होता. गुलटेकडीच्या बाजारात फिरण्याची पूर्वी मोकळीक नव्हती, ती आता मिळाली, हे तिचे म्हणणे आहे. तिच्या लेखी राजकारण म्हणजे कोणत्या रस्त्याने भीतीवाचून चालता येते, एवढेच. राज्य कोणाचे, याचा निवाडा ती त्या रस्त्यावरून करते. शिवाय आपल्या लोकांनाही ती सोडत नाही. अज्ञान घालवायचे तर अभ्यास करा, असे ती महार-मांगांना बजावते.

मुक्ताचे याखेरीज दुसरे लेखन उपलब्ध नाही.

गडमुडशिंगीच्या त्या विद्यार्थ्याने सत्राअखेरीच्या लेखासाठी ‘माझी तालीम’ असा विषय घेतला. त्यात त्याने आपल्या शाळेविषयीही लिहिले होते. दहावीच्या वर्षी चित्रकलेचा तास गणिताला दिला जाई. चित्रकलेचे नाव निघे ते इंटरमिजिएट परीक्षेच्या श्रेणीचे सवलतीचे गुण मोजताना. सहा पानांचा लेख होता. पाचव्या पानावर त्याने आजोबांना विचारलेला प्रश्न होता: आपल्या तालमीत पूर्वी कोणाकोणाला येऊ देत होते? आजोबांनी चार-पाच आडनावे सांगितली होती. ती त्याने ओळीने लिहिली होती आणि खाली दोन बोटे कोरी जागा सोडली होती.