क्षमा आधी कोणी मागायची?

कशेळे-कर्जत भागात जातीय अपमानाविषयी बोलू लागलो की एक उपदेश हमखास ऐकू येतो : राग सोडा, क्षमा करा, येशूनेही तेच सांगितले. मला हे वाचन अर्धवट वाटते. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात रागाचा निषेध आहे. पण देवाचे अर्पण बाजूला ठेवून समेटासाठी उठायचे आहे ते ज्याच्याविरुद्ध भावाची तक्रार आहे त्याने. लूकच्या शुभवर्तमानातील जक्कयाने तर लुबाडलेले चौपट परत द्यायचे कबूल केले.

आता आपल्याच जिल्ह्यातले, तेव्हाच्या कुलाब्यातले, महाड पाहा. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यानंतर परिषदेस आलेल्या आपल्या माणसांवर हल्ला झाला. बाबासाहेबांनी संतप्त अनुयायांना प्रतिहल्ल्यापासून रोखले. राग आवरला, हक्क मात्र सोडला नाही. २५ डिसेंबरला, ऐन नाताळात, मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याचा दावा १९३७ साली उच्च न्यायालयात जिंकला गेला.

आणि सनातन्यांनी काय केले? ते भावाकडे आले नाहीत. पंचगव्याने तळे शुद्ध करीत बसले. समेटाची वाट अडली ती तिथे, आपल्या रागापाशी नव्हे. म्हणून क्षमेचा उपदेश करणाऱ्यांनी आधी त्यांचे दार ठोठवावे.