शस्त्र आणि त्याचा दाणागोटा : मावळच्या इतिहासातील एक उपेक्षित प्रकरण



भोर-वेल्हे परिसराच्या इतिहासावर यंदाच्या स्मरणिकेसाठी काही लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा मी प्रथम मागेपुढे पाहिले. तोरणा, राजगड व रोहिडा यांवर अधिकारी विद्वानांनी इतके लिहून ठेवले आहे की, मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या माझ्यासारख्या शाळामास्तराने त्यात भर ती काय घालावयाची? परंतु गेल्या खंडेनवमीस आमच्या घरी एक लहानसा प्रसंग घडला व विषय आपोआप सापडला. आमच्याकडे त्या दिवशी पाटावर कोयता, विळा व नांगराचा फाळ यांच्या शेजारी एक रिकामे कातडी म्यान पुजले जाते. माझ्या नातवाने विचारले, "आजोबा, ह्यातली वस्तू कुठे आहे?" त्याला दिलेले उत्तर त्याच्या वयास पुरेसे होते; येथे ते थोडे विस्ताराने देत आहे.

बंदुकीचे वर्णन करताना आपण नळी किती लांब, पल्ला किती, एवढेच पाहतो. तिच्या पोटात काय घालावयाचे व ते कोठून आणावयाचे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. शिवकालात मावळात होती ती तोड्याची बंदूक. नळीत तोंडाकडून दारू ओतावयाची, शिशाची गोळी गजाने ठासावयाची, कानावर रंजक म्हणून चिमूटभर बारीक दारू ठेवावयाची आणि पेटत्या तोड्याने ती शिलगवावयाची. दारू म्हणजे शोरा, गंधक व कोळसा यांचे मिश्रण; त्यात शोऱ्याचा वाटा सुमारे पाऊण. कोळसा आमच्या डोंगरांत हवा तेवढा. शोरा जुन्या भिंतींच्या व गोठ्यांच्या खाऱ्या मातीतून काढता येई. गंधक व शिसे मात्र सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात मिळत नाही; ते बंदरांवरील व्यापाऱ्यांकडून घ्यावे लागे. 'पिस्तूल' आणि 'काडतूस' हे आपले दोन्ही शब्दही पोर्तुगीज भाषेतून त्याच बंदरांच्या वाटेने घाटावर चढले आहेत. तोरण्यावर सापडलेल्या धनातून राजगड उभा राहिला, ही परंपरा शाळेतील मूलही सांगते. त्यातले काही द्रव्य गंधक-शिशाच्या गोण्यांपायीही गेले असले पाहिजे, असे मला नेहमी वाटते.

शिवाय वेल्ह्याचा पाऊस! मृगापासून हस्तापर्यंत जेथे चुलीतले लाकूड धड पेटत नाही, तेथे दारू कोरडी ठेवणे ही स्वतंत्र विद्याच होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दारूचे कोठार घरांपासून दूर असावे, दारू वरचेवर बाहेर काढून तिला ऊन द्यावे, असे बजावले आहे. राज्याच्या धुरंधर पुरुषाने इतक्या बारीक गोष्टीत लक्ष घालावे, यावरून दारूची किंमत कळते. असे असले तरी शिसे व गंधक एकदा घरात आले की पुढचे सर्व काम गावात होई. गोळी गावात ओतली जाई, दारू गावात कुटली जाई.

ही स्थिती एकोणिसाव्या शतकात पालटली. तोडा व चकमक जाऊन टोपीची बंदूक आली. टोपी म्हणजे तांब्याची इवलीशी वाटी. तिच्या तळाशी पाऱ्यापासून केलेले, नुसत्या आघाताने पेटणारे द्रव्य असते. ते काही कोणा गावकऱ्यास चुलीपाशी करता येण्यासारखे नव्हे. त्यानंतर थोड्याच वर्षांत टोपी, दारू व गोळी ही तिन्ही पितळेच्या एका नळकांड्यात बंद झाली आणि त्या दिवसापासून मावळातील बंदूक परावलंबी झाली. खडकीचा काडतुसांचा कारखाना १८६९ सालचा. भोरपासून तो पंधरा-सोळा कोसांच्या आतच, पण सामान्य माणसास तो विलायतेइतकाच लांब होता.

१८७८ साली लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत हत्यारांचा कायदा झाला, हे आपण सर्व जाणतो. त्यात शस्त्राइतकेच लक्ष दारूगोळ्यावर दिलेले आहे, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानात येते. सरकारने ठरविल्यास शिसे, गंधक व शोरा यांवरही बंधन घालण्याची सोय त्यात होती. घरोघर झडती घेऊन प्रत्येक नळी जप्त करण्यापेक्षा तिचा दाणागोटा मोजून देणे किती सोपे! उपाशी घोडा दावणीला असला काय आणि नसला काय. पुढच्याच वर्षी वासुदेव बळवंत फडके यांनी पुणे जिल्ह्यात बंड उभारले. १९०९ साली सावरकरांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुले एका पेटीच्या चोरतळात दडवून पाठविली, तेव्हा पिस्तुलांबरोबर त्यांची काडतुसेही धाडली. त्या वर्षीच्या २१ डिसेंबरास नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनवर त्यांतलेच एक पिस्तूल झाडले. काडतुसे आली नसती तर ती वीस पिस्तुले म्हणजे लोखंडाचे वीस तुकडे होते.

आमचा मुलूख तेव्हा पंत सचिवांच्या भोर संस्थानात होता. संस्थानच्या पाच तालुक्यांपैकी प्रचंडगड म्हणजेच तोरणा. आमचे कानंद खोरे त्याच तालुक्यात. राजेसाहेबांना नऊ तोफांच्या सलामीचा मान होता. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान विलीन झाले आणि आम्ही पुणे जिल्ह्याचे झालो. आता तर वेल्हे तालुक्यास राजगड हे नाव मिळाले आहे. असो.

आता त्या म्यानाकडे वळतो. आमचे चुलते, ज्यांना सारे घर तात्या म्हणे, मराठा पलटणीत होते व दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले. सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर १९५४ साली त्यांनी जबलपूरच्या लष्करी डेपोतून एक जुने वेब्ली रिव्हॉल्व्हर रीतसर परवाना काढून विकत घेतले. सैन्याच्या चालू नमुन्यात न बसणारी हत्यारे तेथून आजी-माजी सैनिकांस विकली जात. हे हत्यार पहिल्या महायुद्धातल्या नमुन्याचे. वजन किलोहून अधिक, माप.४५५ इंच, म्हणजे गोळी आपल्या करंगळीएवढी जाड. खटका दाबला की ते मधोमध मोडे आणि रिकामी नळकांडी एकदम वर उसळत. हा भाग आम्हां मुलांस फार आवडे. सोबत बारा-बारांची तीन पाकिटे मिळाली होती. एकूण काडतुसे छत्तीस.

पहिल्या दोन दसऱ्यांना तात्यांनी सहा-सहा उडविली. मग पुण्यात चौकशी केली, तेव्हा ह्या मापाचे काडतूस आता मिळावयाचे नाही, असे कळले. उरली चोवीस. तेव्हापासून त्यांनी नियम केला : दर दसऱ्याला सोने लुटून झाल्यावर एक काडतूस, वाजो वा न वाजो. डबा ते भाताच्या तुसांत पुरून ठेवीत, तरीही आमच्या हवेने तीन काडतुसे फुकट गेलीच. घोडा पडे, खट् असा आवाज होई आणि तात्या अर्धा मिनिट हात तसाच ओढ्याच्या दरडीकडे रोखून उभे राहत. उशिरा पेटणारे काडतूस हातात फुटते, असे ते सांगत. दुसरे काडतूस त्या दिवशी ते कधीच घालीत नसत. पलटणीत असताना त्यांनी हजारो गोळ्या झाडल्या असतील. त्यांतील एकही त्यांना आठवत नसे. ह्या छत्तिसांपैकी मात्र कोणते काडतूस कोणत्या दसऱ्याला उडाले व मडके फुटले की नाही, हे ते साल सांगून म्हणून दाखवीत.

१९७५ साली मी मॅट्रिक पास झालो. त्या दसऱ्याला त्यांनी हत्यार माझ्या हातात दिले. पाचच काडतुसे उरली होती. वीस पावलांवर, दरडीला टेकवून एक फुटके मडके ठेवले होते. तात्या माझ्या मागे उभे राहिले व म्हणाले, "बाळ, माशीकडे बघ, मडक्याकडे नको. चाप ओढू नकोस, दाबत जा. कधी सुटली ते तुला कळता कामा नये." खरोखरच कळले नाही. मनगट एकदम वर गेले, कानांत शिट्टी वाजू लागली आणि मागच्या डोंगराने तो आवाज दोन वेळा परत दिला. मडके जागच्या जागी होते. गोळी त्याच्या हातभर डावीकडे मातीत शिरली होती. मला विलक्षण आनंद झाला, हे मी आज साठी उलटल्यावर कबूल करतो. पाठोपाठ वाईटही वाटले, कारण वर्षाचे काडतूस माझ्याकडून वाया गेले होते. तात्यांनी आपली काडतुसांची वही काढून त्या सालापुढे माझे नाव लिहिले आणि "मडके शाबूत" एवढाच शेरा मारला.

१९७८ च्या पावसाळ्यात तात्या गेले. उरली दोन. १९५९ चा हत्यारांचा नवा कायदा १९६२ पासून अमलात आला होता. त्याच्या नियमांत, .३८० वा .४५५ ची काडतुसे झाडू शकणारी पिस्तुले व रिव्हॉल्व्हरे निषिद्ध वर्गात घातली होती, सैन्याची.३०३ रायफलही त्याच वर्गात. ज्या दारूगोळ्यावर सैन्य पोसले गेले, तो खाजगी घरात नको, असा त्यामागील विचार दिसतो व तो सर्वस्वी चुकीचा म्हणता येणार नाही. तात्यांच्या जुन्या परवान्यावर ते हत्यार कसेबसे निभावले होते. वारसास मात्र केंद्र सरकारची खास परवानगी हवी होती. मी अर्ज केले. एका कचेरीतून दुसरीकडे धाडण्यात आले, दुसरीकडून पहिलीकडे, आणि तिसऱ्या अर्जाचे उत्तर आजतागायत आलेले नाही. मी शिक्षकाची नोकरी करणारा. बेकायदा हत्यार घरात ठेवण्याची माझी छाती नव्हती. माझ्या चुलत भावाचे म्हणणे असे की, ते विहिरीत टाकावे, पण परक्याच्या हाती देऊ नये. ह्यावरून आम्हां दोघांत जे आले ते पुढे पुरते निवळले नाही. त्यांचे म्हणणे मला त्या वेळी बालिश वाटले होते. आता तसे वाटत नाही.

आजही आमच्या खोऱ्यात पीकसंरक्षणासाठी परवान्याच्या बंदुका आहेत. रानडुकरांचा उपद्रव ज्यांनी सोसला आहे त्यांना कारण सांगावयास नको. निवडणूक आली की त्यांतल्या पुष्कळ ठाण्यात जमा होतात आणि मग परत येतात. बारा बोअरच्या काडतुसाच्या पितळी बुडावर खडकीची 'के. एफ.' ही अक्षरे असतात. कानपूरच्या सरकारी कारखान्याने नागरिकांसाठी जे रिव्हॉल्व्हर काढले, त्याची ठेवण जुन्या वेब्लीचीच आहे, माप तेवढे.३२, म्हणजे सैन्याचे काडतूस त्यात चालत नाही. परवान्यावर हत्याराच्या खालीच एका वेळी किती काडतुसे, वर्षात किती, हे आकडे लिहिलेले असतात. आमच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलाच्या नेमबाजीत सुवर्णपदक मिळविले, तेव्हा शाळकरी मुलींनी मला विचारले होते की, इतके अचूक कसे मारता येते. मी म्हणालो, पुष्कळ काडतुसे लागतात. त्यांना तो विनोद वाटला.

हत्यार जमा केले त्या दिवसाची पावती मी जपून ठेवली आहे. तीत लिहिले आहे : रिव्हॉल्व्हर एक, जुने, काडतुसे जिवंत, दोन. कारकुनाने दोन्ही काडतुसे टेबलावर उभी करून मोजली, त्यांतले एक आडवे पडून घरंगळत कडेला आले व मी ते पटकन हाताने अडवले. म्यानासाठी पावतीपुस्तकात रकाना नव्हता, म्हणून ते त्यांनी मला परत दिले.